एक्क्याऐंशीवी चिठ्ठी

मी, लेओटा मे ग्रिमस्टेड, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा मेथॉडिस्ट ख्रिस्ती मंडळीची निवृत्त पाळक, मूळ राहणार कुठलीच नाही, सध्या मुक्काम मंडळीचा वृद्धाश्रम, खोली नंबर चौदा, नेब्रास्का, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कान तेवढे गेले आहेत, पण अडतीस वर्षे मंडळीच्या सभा ऐकल्यावर त्यांनी रजा घेतली तर मी त्यांना बोल लावणार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कसलीही नशा केलेली नाही. मेथॉडिस्ट पाळकबाईला ती सोयही नाही.

यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात सगळे माझा नवरा डेल्मर याला दिले होते, पण तो आधी गेला. दुसरे मी रागात केले होते आणि त्यात सॉरेल क्रीक गावच्या आर्व्हेला स्टकी हिने माझ्या अंत्यविधीला फिरकू नये असे लिहिले होते. तिसऱ्यात मी त्याच बाईकडे पदर पसरते आहे. मला डेल्मरच्या शेजारी पुरावे, एवढेच माझे खरे मागणे, आणि ती जागा आर्व्हेलाच्या मालकीची आहे. बाकीची कलमे निमित्ताला आहेत, तरी वाचावीत.

कलम पहिले: घर

माझ्या नावावर घर नाही. अकरा गावांत मी मंडळीने पाळकासाठी बांधलेल्या घरांत राहिले. तिथला पलंग मंडळीचा, पडदे मंडळीचे, चमच्यांच्या दांड्यांवरसुद्धा नखांच्या लाल रंगाने आकडे घातलेले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, आमचे डेल्मरच्या पिकअपमध्ये असे. बिशपसाहेब नकाशा पुढ्यात घेऊन उंटावरून शेळ्या हाकत, आणि त्यातली एक शेळी मी. मार्चमध्ये फोन वाजला की डेल्मर काही न विचारता किराणा दुकानामागे रिकामी खोकी शोधायला जाई. जूनमध्ये आम्ही दुसऱ्या गावी. लोक माझ्याबद्दल म्हणत की ही बाई बारा गावचे पाणी प्यायलेली आहे. हिशेब चुकला त्यांचा, अकराच होती.

सर्व अकरा बदल्यांची पत्रे बिशपांच्या कचेरीला परत करावीत. त्यांनी हवे तर शेकोटीला वापरावीत.

कलम दुसरे: व्यवस्था

या मृत्युपत्राची व्यवस्था माझ्या बहिणीची मुलगी कॉरिन हिने पाहावी. बँकेत जे काही असेल ते तिचे. माझी गाडीही तिचीच, पण गाडीचा डावा आरसा मी सुतळीने बांधला आहे. तो तसाच चांगला आहे, त्याला हात लावू नये.

कलम तिसरे: घड्याळे

निरोपाच्या जेवणात प्रत्येक गावाने मला काही ना काही भेट दिली, आणि अकरातल्या सात गावांना घड्याळच सुचले. बाई, तुमची वेळ भरली, हे याहून प्रेमाने कसे सांगणार? पहिली पाच डेल्मरने लावली होती आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. ज्या गावची सभा जितकी उशिरा सुरू होई, तितके त्या गावचे घड्याळ मागे, असा त्याचा न्याय होता. पुढची दोन मी त्याच न्यायाने लावली. प्रत्येक घड्याळ ज्या गावचे त्या गावी पोचवावे. बक्स्टनचे चाळीस मिनिटे मागे आहे. त्यांनी ते दुरुस्त करू नये, विचार करावा.

कलम चौथे: भांडी

मंडळीच्या जेवणाला जो तो झाकलेले भांडे घेऊन येतो, बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेले. जेवण उरकले की विसरलेली भांडी पाळकाच्या स्वयंपाकघरात येतात, आणि मग बदली येते. अशी तेरा भांडी माझ्यापाशी आहेत. ही चोरी नव्हे, घाई होती. कॉरिनने ती ज्याची त्याला द्यावीत, ती माणसे नसतील तर त्यांच्या मुलाबाळांना. भांडे रिकामे परत करू नये, काहीतरी घालून द्यावे.

हॅडलीच्या एका बाईंचे निळे भांडे मात्र परत करू नये. त्यातून त्यांनी मला सहा वर्षे ट्यूना मासा आणि नूडल्सचा तोच तो पदार्थ खायला घातला. भांडे परत गेले तर पुढच्या पाळकाचे हाल होतील, आणि ते पाप माझ्या माथी नको.

कलम पाचवे: डेल्मरची हत्यारे

डेल्मर इमारती गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करणारा होता. आमच्या लग्नाच्या वेळी पाळकाच्या बायकोची कामे ठरलेली होती: पियानो वाजवणे, रविवारची शाळा घेणे, बायकांच्या मंडळात कॉफी ओतणे. पाळकाच्या नवऱ्याने काय करावे हे कुठेच लिहिलेले नव्हते. डेल्मर म्हणाला, लिहिलेलं नाही ना, मग तेच करतो. पियानोचे त्याला जमले नाही. पण बायकांच्या मंडळात तो मोहरी घालून केलेली भरली अंडी घेऊन गेला, आणि सॉरेल क्रीकच्या बायकांनी पुढच्याच वर्षी त्याला एकमताने चिटणीस केले. अध्यक्ष होती आर्व्हेला स्टकी. माझे नि तिचे विळ्याभोपळ्याचे सख्य, आणि तिचे नि डेल्मरचे असे गूळपीठ की विचारू नका. तो तिला अंड्यांची कृती देई, ती त्याला इतिवृत्त नीट लिहायला शिकवी.

हत्यारांची पेटी सॉरेल क्रीकच्या चर्चला द्यावी, कारण तिथला बॉयलर अजून त्याच्याच हातचा आहे. विश्वस्तांनी पेटी उघडू नये. त्यांनी उघडलेले काहीच पुन्हा बंद होत नाही. सध्याचे पाळक सिओने हे टोंगा बेटावरून आलेले आहेत आणि त्यांना पाना कसा धरायचा ते कळते, असे मी ऐकून आहे.

कलम सहावे: माझा देह

डेल्मर फेब्रुवारी १९८७ मध्ये सॉरेल क्रीकमध्ये गेला. जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणायला दोन दिवस लागले. गावच्या दफनभूमीच्या समितीने त्याला जागा फुकट दिली, एकच दिली. दुसरी कशाला देतील, पाळक काय, आज आहे, उद्या नाही. त्या वेळी मला हे विचारायचे भान नव्हते. त्याच्या एका बाजूला कुंपण आहे. दुसऱ्या बाजूची जागा स्टकींची, आर्व्हेलासाठी राखलेली, आणि तिच्यापलीकडे तिचा नवरा हार्लन निजला आहे. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कुशीला कायमची आर्व्हेला. पस्तीस वर्षे या विचाराने मी चरफडते आहे, हे देवाला माहीत आहे आणि आता कॉरिनलाही.

पुढच्या वर्षी, जून १९८८ मध्ये, माझी बदली तिथून दोनशे मैलांवर झाली. ती आर्व्हेलाच्या पत्रावरून झाली. पाळकाचे बरेवाईट पाहणाऱ्या समितीची ती प्रमुख होती, आणि मला हलवावे असे तिने जिल्हा अधीक्षकांना, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकांना, लेखी कळवले. का कळवले, ते पुढच्या कलमात येईल.

गेलेल्या पाळकाने बोलावल्याशिवाय जुन्या गावी पाऊल टाकू नये, अशी आमच्यात रीत आहे. बारशाला नाही, लग्नाला नाही, मयतीलाही नाही. नाहीतर नव्या पाळकाचे बस्तान बसत नाही. रीत शहाणी आहे आणि मी ती पाळली, फक्त मेमधला शेवटचा सोमवार सोडून. त्या दिवशी सगळे लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात. मी गाडी धान्याच्या कोठारामागे लपवून, लोकांच्या आधी पहाटेच जाऊन येई. ब्याऐंशी वर्षांची झाले तरी कोठारामागून चोरासारखी बाहेर पडते, आणि खरे सांगायचे तर त्यात थोडी गंमतही वाटते.

पहिल्याच वर्षी पाहिले तर डेल्मरची कबर स्वच्छ खुरपलेली होती. दगडामागे लाल गालिच्याचा एक तुकडा घडी करून ठेवला होता. गुडघे टेकून खुरपायला घेतात तसा, मधोमध दोन जागी झिजलेला. तो गालिचा मी ओळखला. पुढे दर वर्षी तो तिथेच दिसे, दर वर्षी थोडा जास्त झिजलेला.

आर्व्हेलाने जागा दिली नाही तर तो तिचा हक्क आहे. मग मला इथल्या आश्रमामागे निवृत्त पाळकांच्या रांगेत पुरावे. तिथली रिकामी जागा एका जुन्या जिल्हा अधीक्षकांच्या शेजारी आहे. त्यांनी मला चार वेळा हलवले. आता पाचव्यांदा हलवू शकणार नाहीत, एवढेच समाधान.

कलम सातवे: "किरकोळ" असे लिहिलेले खोके

प्रत्येक पाळकाच्या घरात एक खोके असे असते की जे एका बदलीतून दुसऱ्या बदलीत जाते आणि कधीच उघडले जात नाही. माझे १९८८ पासून पाच गावे फिरले. या वसंतात, हे मृत्युपत्र लिहायला घेतले तेव्हा, मी ते उघडले. आत एक्क्याऐंशी चिठ्ठ्या आहेत. आता जे लिहिते ते साक्षीदारांनी सही करण्याआधी मोठ्याने वाचावे. मी श्रवणयंत्र लावून बसेन.

सॉरेल क्रीकच्या चर्चमध्ये वेदीपर्यंत जाणारा लाल गालिचा होता. आर्व्हेलाच्या आईने अंडी विकून जमवलेल्या पैशांतून तो घातला होता. मी तिथे गेले तेव्हा त्याला पन्नास वर्षे होत आली होती आणि त्यात पन्नास वर्षांची धूळ होती. डेल्मरची छाती बॉयलरच्या कामाने आधीच गेलेली. दर रविवारी तो दुसऱ्या बाकावर तोंडाला रुमाल लावून खोकत बसे, आणि मी वर उभी राहून देवाच्या दयेवर बोलत असे. डॉक्टरांनी धूळ टाळा म्हणून सांगितले होते. मी गालिचा काढण्याचा ठराव पुढे आणवला. आर्व्हेलाने विरोध केला. ऑक्टोबर १९८६ मध्ये सभा भरली.

पाळकाचे नाव गावच्या मंडळीच्या पटावर नसते. ते वार्षिक परिषदेच्या पटावर असते. म्हणून गावच्या मतदानात पाळकाला मत नाही. हा नियम सभेच्या सुरुवातीला मी स्वतः वाचून दाखवला. मग दानाच्या ताटात चिठ्ठ्या गोळा झाल्या, ताट शेवटी माझ्या हातात आले, आणि टेबलाकडे नेता नेता मी माझी चिठ्ठी त्यात टाकली. हिरव्या शाईने लिहिलेली: "काढा." काढा म्हणणारे एक्केचाळीस, ठेवा म्हणणारे चाळीस. बरोबरी झाली असती तर गालिचा राहिला असता.

आर्व्हेला उभी राहिली. तिने एकतीस वर्षे शाळेत शिकवले होते, आणि मुले मैदानातून परत आली की डोकी मोजायची सवय तिला जडली होती. ती म्हणाली, "खोलीत मतदार ऐंशी आहेत. चिठ्ठ्या एक्क्याऐंशी कशा?"

मी हसून म्हटले, "आर्व्हेला, मोजताना एखादं माणूस सुटतं."

सगळे हसले. मी पाळक होते, म्हणून हसले. चिठ्ठ्या जाळून टाकाव्यात असा ठराव झाला आणि मी जाळल्या असे सांगितले. हे दुसरे खोटे. त्या दिवसापासून गावाने तिचे नाव एक्क्याऐंशी ठेवले. किराणा दुकानात बटाटे मोजताना दुकानदार म्हणे, नीट मोजा रे, बाई आल्यात. जिने गावातल्या अर्ध्या लोकांना बेरीज शिकवली, तिची ही गत मी केली. गालिचा नोव्हेंबरमध्ये निघाला. तो तिने स्वतः गुंडाळून घरी नेला. डेल्मर फेब्रुवारीत गेला. म्हणजे ज्याच्यासाठी केले त्यालाही तीनच महिने मिळाले.

माझ्या निरोपाच्या रविवारी, आमच्या रीतीप्रमाणे, मी मंडळीपुढे म्हटले की माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांची मी क्षमा मागते. मंडळी एका सुरात म्हणाली, आम्ही क्षमा करतो. वर मी प्रवचनात असेही म्हणाले की ज्यांनी माझ्याविरुद्ध लिहिले त्यांना मीही क्षमा केली आहे. आज आठवले की कानशिले तापतात. आर्व्हेलाचे ओठ हलले नव्हते. दारात हात मिळवताना ती म्हणाली, "पाळकबाई, कुठल्या चुका ते सांगितलं असतंत, तर क्षमा करायला सोपं गेलं असतं."

तर सांगते, आर्व्हेला. एक्क्याऐंशीवी चिठ्ठी माझी होती. तू बरोबर मोजले होतेस. मी लबाडी केली, आणि तुला वेडी ठरवून ती झाकली.

या वसंतात चिठ्ठ्या चाळताना आणखी एक सापडली. सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेली, आणि ती पेन्सिल आमच्या घरात एकाच माणसाच्या कानावर असे. त्यावर आहे: "ठेवा. आर्व्हेलाच्या आईचा आहे तो." मी ज्याच्या छातीसाठी देवाच्या घरात खोटे वागले, त्या गृहस्थाने मत दिले आर्व्हेलाला. मी खुर्चीत बसून खूप रडले, मग इतकी हसले की शेजारच्या खोलीतून नर्स धावत आली. डेल्मर, तू म्हणजे कमालीचा माणूस होतास.

हे खोके चिठ्ठ्यांसह सॉरेल क्रीकच्या मंडळीला द्यावे, आणि या कलमाची नक्कल चर्चच्या दारावर चार रविवार लावावी. किराणा दुकानातही लावावी.

कलम आठवे: सही

सही सॉरेल क्रीकमध्येच व्हावी, म्हणून पाळक सिओने यांना मी रीतसर पत्र लिहून बोलावणे मागितले. त्यांना आमचा इतिहास ठाऊक नाही. त्यांनी उलट टपाली कळवले की अवश्य या, रविवारचे जेवण आहे, येताना एखादे भांडे घेऊन या. मी तेरापैकी बारा घेऊन जाते आहे.

कॉरिनच्या वकिलांचे म्हणणे पडले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीला आर्व्हेलाच हवी, म्हणून स्पष्ट लिहिते की आर्व्हेला स्टकी हिला मी काहीही देत नाही, चमचासुद्धा नाही. मला काही द्यायचे की नाही ते तिने ठरवायचे आहे.

वरील मजकूर मी वाचला, समजला, आणि लिहिताना तीनदा पेन खाली ठेवले.

लेओटा मे ग्रिमस्टेड (सही)

ठिकाण: सॉरेल क्रीक, नेब्रास्का, चर्चच्या तळघरातले जेवणाचे टेबल
दिनांक: २ ऑक्टोबर २०२२

साक्षीदार पहिले: सिओने फिफिता, पाळक (सही). बाईंनी माझ्यासमोर सही केली. बॉयलर उत्तम चालू आहे.

साक्षीदार दुसरी: आर्व्हेला रूथ स्टकी, वय एक्क्याण्णव, निवृत्त शिक्षिका (सही). सोबत माझे टिपण जोडावे:

कलम सहा आणि सात मी सर्वांसमोर मोठ्याने वाचले. चिठ्ठ्या टेबलावर दहा-दहाच्या रांगा करून मोजल्या. एक्क्याऐंशी आहेत. माणसे ऐंशी होती.

यात मला नवीन काही नव्हते. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्मर अंड्यांचे ताट घेऊन माझ्या दारात आला होता. त्याने ती चिठ्ठी पडताना पाहिली होती. तो म्हणाला, "ती माझ्या छातीपायी घाबरलीय. तिचं तिला सांगू द्या." मी शब्द दिला आणि वाट पाहिली. तो गेल्यावर वर्षभरातही ती बोलली नाही, तेव्हा बदलीचे पत्र लिहिले. ते रागानेच लिहिले आणि ते मी मागे घेत नाही. वाट पाहायची मात्र सोडली नाही. पस्तीस वर्षे अकरा महिने लागले. वर्गात इतका उशीर मी कोणाला करू दिला नसता.

जागेबद्दल. हार्लनच्या डाव्या कुशीला मी चोपन्न वर्षे झोपले आणि त्याचे घोरणे ऐकले. आता उजवीकडून कसे वाटते ते पाहीन. त्याच्या पलीकडच्या आमच्याच जागेतले मेलेले झुडूप मी काढायला लावले आहे. डेल्मरशेजारची जागा लेओटाला द्यावी. मला डोळे आहेत तोवर खुरपणे मी बघेन, गालिचा अजून पुष्कळ शिल्लक आहे.

दफनभूमीच्या समितीत सात जण होते, आता मी एकटी उरले आहे. तरी नियम तो नियम. आत्ताच जेवणानंतर सभा भरवून रीतसर मतदान घेतले. हजर सभासद एक. चिठ्ठ्या एक. बाजूने एक, विरुद्ध शून्य. लेओटाला शेजारी बसवून तिच्याकडून मोजून घेतल्या.